जित्या माशांचा निळा ड्रम

५ जानेवारी, रविवार

आणि वर म्हणत्यात, कालवण खारट झालं. दिवसभर माकणीच्या धरणावर गळ टाकून हे दोघं सावलीत बसणार, आणि संध्याकाळी आणणार काय, तर पिशवीत बोटाएवढ्या चिलाप्या. त्यांची खवलं काढायची मी, पोटं फाडायची मी, शिजवायचं मी. आणि खारट. माझी बोटं चिरून मिठानं चुरचुरत व्हती, ते न्हाय दिसलं कुणाला.

दोघं म्हंजे आमचे मालक, प्रेमानंद, शाळेत शिपाई, आणि त्यांचे दोस्त नागसेन भावजी, ॲपे रिक्षावाले. नावं घालून लिहिते. उद्या कुणी म्हणाय नको, आमी न्हवतोच त्यात.

मरळ का आणत न्हाय, इचारलं. तर म्हणाले, मरळीला गळावर जिता मासा लागतो. ओढ्यातनं धरून नेलेले बारके मासे बादलीत माकणी येईस्तोवर मरत्यात. मेलेल्याला मरळ तोंड लावत न्हाय. म्या म्हणलं, मला घिऊन चला, मी नेते जिते. लई हसले. भावजी म्हणाले, वहिनी, धरणावर बायामाणसांचं काय काम.

माझं माहेर तेरणाकाठचं. आबांनी मला गळ धरायला शिकवला तवा ह्या दोघांना चड्डीची नाडी बांधाय येत नसंल. लगीन झाल्यापास्नं हातात गळ न्हाय, निस्ती विळी.

शेवटाला मालक म्हणाले, "सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं की जायचंय. तवर मासे जिते ठिवून दाखव. मग बघू."

बघू म्हणले. म्या त्याला व्हय धरलं हाय.

६ जानेवारी, सोमवार

प्लॅन तयार. बादली न्हाय, मोठी टाकी करायची. शेजारच्या शांतम्माकडं निळा ड्रम रिकामा पडलाय, तो मागितला. ती माशाच्या वाऱ्यालाबी उभी ऱ्हात न्हाय. ड्रम दिला आणि म्हणाली, परत देऊ नको अक्का, तुलाच ऱ्हाऊ दे. किती तो माज. वर शहाणपण, की एवढा ड्रम रिक्षात चढवल्यावर तू बसणार कुठं? बादलीच जरा मोठी घे की.

जळते. तिला तिच्या नवऱ्यानं तुळजापूरच्या पुढं न्हेलेलं न्हाय.

आजपास्नं ठरवलं. कुणावर ओरडायचं न्हाय. आवाजानं मासे बिचकत्यात.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी ओरडले न्हाय.

दुपारी ड्रमचं तोंड कापून मोठं करत व्हते. भावजींना म्हणलं जरा धरा. ते मोबाईल बघत धरत व्हते. तवा ओरडले. पण ड्रममदी अजून मासे न्हाईत, म्हणून ते धरायचं न्हाय.

९ जानेवारी, गुरुवार

पाण्यात हवा खेळली पायजे, आबा सांगायचे. घरात फवारणीचा बॅटरीवरचा पंप पडून हाय. हरभऱ्यावर अळीचं औषध मारून झालं, आता त्याला काय काम. त्यात पाणी भरायचं, तोंड ड्रममदी सोडायचं, बटण दाबायचं. झिरमिर झिरमिर फवारा. ह्या दोघांना एवढ्या वर्षांत हे सुचलं न्हाय. शिकलेली माणसं.

जुनी मच्छरदाणी घिऊन ओढ्यावर गेले. बारके मासे धरले. कळशीतनं आणले. ड्रममदी सोडले. काय पळत व्हते. फवारा चालू केला, चहा प्यायला आत गेले.

बाहीर आले तर समदे पोटं वर करून.

ओढ्याच्या माशांत आता पयल्यासारखा दम ऱ्हायला न्हाय. मालकांनी इचारलं, पंप धुतला व्हतास का. धुतला व्हता. वरनं. नळीच्या आत कोण हात घालतं?

ते निस्ते हसले. लिहून ठिवलं.

११ जानेवारी, शनिवार

पंप बाद. थंडीत कूलर बंदच हाय, त्याची मोटर काढली. ड्रम राखेनं घासला, मोटर आत सोडली, नळी वर काढली. पाणी वर जाऊन धबाधबा खाली पडतंय. लई झ्याक.

वाटंत लाईट कुठनं आणायची, हा प्रश्न. त्याला मी हाय. रस्ताभर मी ड्रमजवळ बसून तांब्यानं पाणी वर घिऊन सोडत ऱ्हाणार. म्हंजे माझ्याबगर ड्रम चालतच न्हाय. हे मुद्दाम केलंय. कुणाला सांगणार न्हाय.

परत ओढ्यावर गेले. कळशीभर मासे. त्यात एक काळं, लांबुळकं, तोंड जरा सापावानी. रुबाबदार. बारकी वाम असंल. मला मासा वळखाय येतो, आबांच्या हाताखाली शिकले. त्यालाबी सोडलं. बाकीच्यांना सोबत व्हईल.

१३ जानेवारी, सोमवार

मासे कमी वाटत्यात. तळाला बसले असतील.

१४ जानेवारी, मंगळवार

तळाला न्हाईत. हात घालून बघितलं.

शांतम्माची मांजर. दुसरं कोण? सकाळी भिंतीवर बसून मिशा चाटत व्हती. निस्त्या दुधानं कुणी एवढं चाटत न्हाय.

शांतम्मा संक्रांतीचा तिळगूळ घिऊन आली. म्या घेतला, तोंडात टाकला आणि तिथंच सांगितलं, तुझी मांजर चोर हाय. ती म्हणाली, अक्का, माझी मांजर पाण्याला भिते. म्या म्हणलं, चोराला कसलं भ्या. ती वाटी घिऊन गेली. तिळगूळ चिवट व्हता, दातात अडकला, न्हायतर अजून बोलले असते.

ओरडले न्हाय. मोठ्यानं सांगितलं.

१६ जानेवारी, गुरुवार

ड्रमवर जाळी टाकली, जाळीवर पाटा ठिवला. आख्खा पाटा. तरी मासे कमी.

मांजराला पाटा उचलत न्हाय. म्हंजे शांतम्मा उचलते. ती मासा खात न्हाय, ते ठाऊक हाय. खात न्हाय म्हणूनच. खुन्नस म्हणून नेऊन गटारात टाकत असणार. मालकांना सांगितलं तर म्हणाले, तिची कंबर धरलीय, तिला कळशी उचलत न्हाय. म्या म्हणलं, द्वेषानं माणसाला ताकद येती.

आजपास्नं शांतम्माशी बोलणं बंद.

काळं तेवढं तब्येत धरून हाय. लई गुणाचं. हातभर अंतरावर येऊन माझ्याकडं बघतं. त्याला माझ्या हातचं मानवलं. बाकीच्यांनी त्याच्याकडनं शिकाय पायजे व्हतं.

१९ जानेवारी, रविवार

काळं एकटंच उरलं.

नागसेन भावजी आले, ड्रममदी वाकले, आणि तिथंच खाली बसून हसाय लागले. डोळ्यातनं पाणी. म्हणाले, "वहिनी, ही मरळ हाय. तुमीच सोडली, तुमीच पोसली."

मला ठाऊकच व्हतं. मी बघत व्हते, ह्या दोघांपैकी कुणाला वळखतंय.

मरळ कापली. पोटात दोन मासे घावले. माझेच. कालवण केलं. दोघांनी बोटं चाटली, खारट म्हणाय तोंड उघडलं न्हाय.

शांतम्माला काय सांगायची गरज न्हाय. मांजर आज न्हाय तर उद्या आलीच असती. तरी तिच्या दारात थोडी मेथी ठिवून आले. आमच्याकडं लई झाली व्हती.

२२ जानेवारी, बुधवार

सोमवारी परत ओढा केला. एकेक मासा हातात घिऊन, तोंड बघून सोडला. काळं दिसलं की परत ओढ्यात.

एकबी मेला न्हाय. आल्यागेल्याला दाखवते. मालक येऊन उभे ऱ्हायले, ड्रमवर टकटक केलं, म्हणाले, जमलं की गं तुला. लगीन झाल्यापास्नं असं काय म्हणल्याचं याद न्हाय.

सव्वीसला नेसायचं लुगडं काढून ठिवलं. जुनं, चिखलाचं काय वाटाय नको असं. आबांचा गळ ट्रंकेत व्हता. गंजलाय. चिंचंनं घासला.

ओरडायचं कारणच उरलं न्हाय.

२३ जानेवारी, गुरुवार

दुपारी पिठाच्या गिरणीवर गेले व्हते. आले तर ड्रम न्हाय.

दोघांनी ॲपेत घालून माळापर्यंत चक्कर मारून आणला. मला न इचारता. चाचणी म्हणे. म्या पळत जाऊन आत बघितलं. समदे जिते. एकबी पोट वर न्हाय.

म्या म्हणलं, तांब्यानं पाणी कुणी सोडलं? भावजी म्हणाले, "तांब्या कशाला वहिनी? आपल्या रस्त्याला एवढे खड्डे हायत, पाणी आपसूक उसळतंय. मासे निस्ते नाचत व्हते."

मग मालक. हसत न्हवते. खरंच खूश व्हते, त्याचाच राग येतोय. म्हणाले, "लई भारी केलास ड्रम, विठा. पण तो बसला की मागची सीट संपली. पुढं भावजी आणि मी. तू मसाला वाटून ठिव, ह्या बारीला मरळच आणतो."

माझा आवाजच निघाला न्हाय. जवा पायजे तवा निघत न्हाय.

शांतम्मा भिंतीपलीकडनं समदं ऐकत व्हती. म्या तिच्यावरच गेले. म्हणलं, तुला ठाऊक व्हतं सीट संपणार, तर त्या दिवशी जरा जोर देऊन सांगायला काय झालं व्हतं? तुझ्यामुळं झालं हे. ती म्हणाली, "ड्रम माझाच हाय की अक्का. मागू का परत?"

म्या न्हाय म्हणलं. एवढी वेळ आली न्हाय अजून. मालकांना एकदा नीट इचारलं की ते बरोबर बोलतील. त्यांना कळतंय, ड्रम कुणी केला. शांतम्माला म्हणलं, शनिवारपर्यंत थांब, मग माग.

तोंडानं इचारलं तर परत हसतील. म्हणून हे पान फाडून उद्या त्यांच्या जेवणाच्या डब्यात, भाकरीवर ठिवणार.

मालक, तुमीच म्हणला व्हता बघू. मासे जिते हायत. शनिवारी दिवे लागायच्या आत मला उत्तर पायजे. रिक्षात कोण बसणार, ड्रम का मी?