उंचीप्रमाणे लावलेल्या टोप्या

निफाड,
१८ सप्टेंबर २०२५

चि. ललित यास अनेक आशीर्वाद.

संजनाचा फोन आला होता, त्यावरून तुमची खुशाली कळली. म्हणजे निम्मी कळली. माझ्या उजव्या कानाने कधीच राजीनामा दिला आहे आणि डावा बहुतेक रजेवर असतो. ऐकू न आलेल्या निम्म्यावर मी हो हो म्हणते आणि मग कशाकशाला होकार दिला त्याची धास्ती घेऊन बसते. म्हणून तू आपला पत्रच लिहीत जा.

मला ऐकू आलं ते असं. तू त्या टर्बोवाल्या गाडीचं इंजिन उघडून ठेवलं आहेस, आतले चांगले चालणारे दांडे काढून बाहेरून मागवलेले दुसरे बसवणार आहेस, आणि दिवाळीनंतर त्र्यंबकच्या बाजूला माळावर गाड्यांची शर्यत आहे, तिथे ही गाडी संजना पळवणार आहे. यातलं काही मी चुकीचं ऐकलं असेल तर मला आनंदच होईल. चाललेल्या गोष्टीला हात लावायची तुझी खोड जुनीच. तिसरीत असताना घरचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतंस, ते अजून दिवसातून दोनदाच बरोबर असतं. पण घड्याळात कोणी बसत नाही रे. या गाडीत आपली पोरगी बसणार आहे. भाऊ-वहिनींच्या मागे तुम्हा दोघांना वाढवलं, तेव्हापासून तुम्ही उंबरा ओलांडलात की माझा जीव टांगणीला लागतो, हे तुला सांगायला नको.

तुझ्या वर्कशॉपचा हा पहिला दसरा. सातपूरला तुझ्याने नीट पूजा होणार नाही, नारळ फोडशील आणि खोबरं खाऊन मोकळा होशील. मी आदल्या दिवशीच येते. झेंडू इथूनच आणते.

जेवणाची आबाळ करू नका. संजनाला आशीर्वाद.

तुझी काळजीखोर,
मैनाआत्या

* * *

सातपूर,
२३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास ललितचा शि. सा. नमस्कार.

तुझा डावा कान कामावर हजर होता असं दिसतं, कारण सगळं बरोबर ऐकलंस. आता घाबरायचं कारण नाही ते सांगतो.

इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं असतात. ज्या दांड्यावरचे उंचवटे ती झाकणं दाबून उघडतात, तो कॅमशाफ्ट. नव्या कॅमचे उंचवटे जरा मोठे आहेत, म्हणून झाकणं जास्त उघडतील आणि टर्बो जी हवा कोंबतो ती आत नीट मावेल. एवढंच. मी आधीही दोन गाड्यांना हे काम केलं आहे. जुने कॅम काढून ठेवलेत, नव्यांचं पार्सल मनमाडला उतरेल, ते संजना घेऊन येईल.

दसऱ्याला जरूर ये. पूजेच्या दिवशी मला एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला सिन्नरला जावं लागेल, संध्याकाळपर्यंत येतो. तोवर पाने, जॅक, बाकडं, जे घासायचं ते खुशाल घास. फक्त इंजिनाला हात लावू नकोस.

संजना म्हणते झेंडूबरोबर थोडे मनुकेही आण.

लोभ आहेच, रागावलीस तरी राहू दे.

तुझा भाचा,
ललित

* * *

सातपूर,
९ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

तू गेल्यापासून वर्कशॉप इतकं चकचकीत आहे की गिऱ्हाइकं चपला बाहेर काढतात. पण मनाचं म्हणशील तर ठीक नाही, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

नवे कॅम बसवले. इंजिन चालू करण्याआधी पुलीला पाना लावून ते हाताने फिरवून बघायचं असतं. मागच्या दोन्ही वेळा ते सरळ फिरलं होतं. या वेळी एका जागी जड जातं. अडत नाही, पण हाताला बोचतं. कॅम फिरवणारी चेन दोनदा तपासली, खुणा जुळतात. मग राहिला कॅमच. आत्या, मी संजनाला बोललो. मनमाडहून येताना बसमध्ये तिने पार्सल आपटलं असेल आणि दांडा वाकला असेल, असं म्हणालो. ती म्हणाली की सगळ्या प्रवासात तिने ते मांडीवर धरलं होतं. मी म्हणालो, मग काय मांडीवर वाकलं? ती पिशवी भरून मनमाडला तिच्या मैत्रिणीकडे, निकिताकडे निघून गेली. फोन उचलत नाही.

टोप्यांची शंका नाही. कॅम ज्या अर्धगोल टोप्यांनी दाबून बसवतात, त्या प्रत्येकीची बैठक ठरलेली असते. आपल्या जात्यासारखं आहे. वरची तळी तिच्याच खालच्या तळीवर फिरते, दुसरीवर ठेवली तर घासते. या गाडीच्या टोप्यांवरचे आकडे आधीच्या कोणा मेकॅनिकने घासून घालवलेत. पण मी काढल्या त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवल्या होत्या. माझी तीच पद्धत, रांग हीच खूण. पूजेच्या संध्याकाळी त्या लखलखीत दिसल्या तेव्हा काळजात धस्स झालं होतं. पण रांग जागेवर होती, म्हणजे तू जागच्या जागी पुसल्या असणार, म्हणून जीव भांड्यात पडला.

नवं आहे, चालून चालून मोकळं होईल, असं मनाला सांगतो आहे. तसं झालं नाही तर मात्र कॅम जाम होतो, चेन तुटते, आणि गाडी धावता धावता इंजिन अडकून बसतं. रविवारी दुपारी चालू करून बघणार. नाहीच जमलं तर शर्यतीचं नाव टाकून देईन.

तू संजनाशी बोल. तुझं ती ऐकते.

तुझा,
ललित

* * *

निफाड,
११ ऑक्टोबर २०२५

चि. ललित, आशीर्वाद.

इंजिन चालू करू नकोस. आधी एवढं वाच आणि मग बाकीचं.

शेजारचा धनराज उद्या सकाळी टोमॅटो घेऊन नाशिकला निघतो आहे, त्याच्या हाती हे देते. त्याने माझ्यासमोर तुला फोन लावून पाहिले. म्हणाला, मावशी, ह्यो काय उचलीत नाय. पाना हातात असला की तू फोन उचलत नाहीस हे मला ठाऊक आहे. पत्र तुझ्या हातात दिल्याशिवाय बाजाराकडे वळायचं नाही, असं त्याला बजावलं आहे.

त्या टोप्या मी जागच्या जागी पुसल्या नाहीत. तू म्हणालास इंजिनाला हात लावू नको, मी लावला नाही. फडक्यावर मांडलेलं ते काळं सामान मला इंजिन वाटलंच नाही. पूजेला मांडायचं ते स्वच्छ असावं म्हणून सगळ्या घमेल्यात घेतल्या, रॉकेलने घासल्या, कोरड्या केल्या आणि पुन्हा तुझ्याच फडक्यावर रांगेत लावल्या. उंचीप्रमाणे लावल्या रे. थोड्या बुटक्या अलीकडे, थोड्या उंच पलीकडे. सगळा जन्म शाळेत प्रार्थनेला पोरं तशीच उभी केली, हाताला दुसरी रांग येतच नाही. वर प्रत्येकीला हळदकुंकू लावून मीच खूश झाले.

संजनाने काही आपटलेलं नाही. तिला आधी तसं सांग.

आणखी एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. तुझं पत्र आल्यावर दुपारभर मी ते मांडीवर घेऊन बसले. पूजेच्या वेळी तुम्ही दोघं डोळे मिटून उभे होतात, तेव्हा मी देवीला मागितलं होतं की ही गाडी चालूच होऊ नये. तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, ऐकलं तिने. गप्प बसलं तर इंजिन वर्कशॉपमध्येच मोडेल, शर्यत राहील, पोरगी घरी राहील. कोणाला काही कळणारही नाही. मला हे फार बरं वाटलं, ललित. मग डोळ्यांसमोर आलं की वर्कशॉपमध्ये न मोडता ते माळावर मोडलं तर? आणि न मोडताही तुम्ही दोघं एकमेकांना तोडून बसलात तर मी कोणाकडे बघायचं?

रागाव. पण आधी मनमाडला फोन कर.

आत्या

* * *

सातपूर,
१७ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास संजनाचा साष्टांग नमस्कार.

दादाने मला लिहायला बसवलं आहे, कारण त्याचे हात तेलात आहेत. कागदावरचा डाग त्याचाच, तो डोकावत होता.

धनराजभाऊ पोचले तेव्हा दादाने बॅटरी जोडली होती. त्याने तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि बॅटरीची तार काढून ठेवली. मग मनमाडला आला. निकिताच्या दारात उभा राहून आधी तिच्या आईलाच म्हणाला की तुमच्या स्कूटरचा ब्रेक घासतो आहे, बघू का. ब्रेक दुरुस्त केला आणि मग मला म्हणाला की चुकलो. मी लगेच नाही आले. चहा होईपर्यंत त्याला बसवून ठेवलं.

टोप्या पुन्हा जुळवायला चार दिवस गेले. प्रत्येक टोपीच्या आत बारीक रेघा असतात आणि त्याच रेघा तिच्या बैठकीत पुढे जातात. मी भिंग घेऊन रेघा शोधायच्या आणि दादाने बसवून कॅम फिरवायचा. एक जोडी तर काही केल्या जुळेना, तिच्यापायी पुन्हा भांडणार होतो. काल शेवटची बसली. दादाने पाना माझ्या हातात दिला. आत्या, कुठेच जड गेलं नाही. आता त्याने टोप्यांवर आकडे ठोकलेत. पुढच्या दसऱ्याला तू त्या हव्या तर रंगाप्रमाणे लाव.

इंजिन चालू झालं. तेव्हा दादा रडला, हे मी लिहिलेलं त्याला सांगू नकोस.

आता तू देवीकडे मागितलंस त्याबद्दल. दादाने ते मला वाचू दिलं, रागावू नकोस. नुसती गप्प बसली असतीस तर तुला हवं होतं तेच झालं असतं. तरी तू लिहिलंस. म्हणून मी ठरवलं आहे की तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही, मनापासून जाणार नाही. फक्त आधी एक कर. भाऊबीजेला आम्ही हीच गाडी घेऊन निफाडला येतो. तुला आवाज ऐकू येणार नाही, तर बॉनेटवर हात ठेव. मग सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भाची,
संजना

* * *

निफाड,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. संजना हिस आशीर्वाद.

काल तुम्ही गेलात आणि अंगण एकदम रिकामं झालं. बॉनेटवर हात ठेवून मी काहीच बोलले नाही, म्हणून तू उतरल्या तोंडाने गेलीस, ते मी पाहिलं. तिथे बोलले असते तर रडले असते, आणि ललितसमोर मला रडायचं नव्हतं.

भीती गेली नाही. ती जायची नाहीच, तू ती जाण्याची वाट बघू नकोस. पण हाताखाली ते जनावर एका लयीत चाललं होतं आणि कुठे अडत नव्हतं, एवढं माझ्या हाताला कळलं.

शर्यतीला मी येते आहे. धनराज सोडतो म्हणाला. तुझ्या हेल्मेटचा पट्टा दुसऱ्या कोणी बांधायचा नाही. मी बांधणार, आणि दोनदा ओढून बघणार.

तुझी,
आत्या