पावसातले तीन सामने

बाबा, तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही मी परवा उघडली. तुम्ही गेल्यावर आईनं तुमचा काळा कोट मला दिला, त्याच्या आतल्या खिशात ती होती. अकरा वर्षं कोट माझ्या कपाटात आणि वही कोटात. आई दर थंडीत म्हणायची, "अगं, कोट तरी कुणाला देऊन टाक," आणि मी बघू, बघू म्हणत राहिले. वहीत काय आहे ते मला माहीत होतं, निदान तसं मी धरून चालले होते. आमच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा एक अख्खा सीझन, तुमच्या हातच्या रेघांमध्ये. चार उभ्या, पाचवी आडवी.

ट्रॉय गावच्या शाळेत गणित शिकवणारी मी, जन्मात कधी चेंडूला पाय लावला नाही, ती टीमच्या कोचच्या नादी लागून खेळाची गणितं मांडू लागले तेव्हा तुम्ही खूप हसला होतात. दिवाळीचा फराळ चालला होता. चकल्या मांडून मी तुम्हाला खेळ समजावला. बॉल हातात घेऊन दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. तीन वाया गेल्या की चौथीला बॉल लाथ मारून लांब उडवायचा आणि समोरच्यांना देऊन टाकायचा, ही इथली जुनी रीत. "म्हणजे हातातली वस्तू आपणहून शेजाऱ्याच्या घरात नेऊन टाकायची?" तुम्ही म्हणालात. "आणि याला शहाणपणा म्हणतात?" मी म्हटलं, "एक्झॅक्टली, बाबा! म्हणून कोच म्हणतो, चौथी संधीसुद्धा खेळायची. अर्ध्याहून जास्त वेळा जमलं, तर आपलं बरोबर." तुम्ही चकली मोडलीत आणि म्हणालात, "मग मोजायला हवं. पुढच्या सीझनला मी येतो."

आणि आलात. दर शुक्रवारी संध्याकाळी लाकडी पायऱ्यांवर, मांडीवर ब्लँकेट, शेजारी चहाचा थर्मास. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तीस वर्षं तुम्ही बोल्ट तपासलेत. एकदा एका खोक्यात खोट निघाली म्हणून अख्खा ट्रक परत पाठवलात, साहेबाशी महिनाभर अबोला झाला. मी लहान होते, पण जेवताना तुम्ही आईला सांगितलेलं वाक्य मला आठवतं: "जे खोकं उघडलं नाही, त्याच्यावर माझी सही नाही." मला तेव्हा वाटायचं, काय हा हट्टी माणूस.

सीझनच्या मध्यात आम्ही ओळीनं तीन सामने हरलो. तिन्ही पावसात, तिन्हीत चौथ्या संधीला आमची मुलं चिखलात तोंडावर पडली. पालक खवळले. कोचला काढा, त्या गणिताच्या बाईंनाही आवरा. सीझन संपल्यावर शाळेच्या कॅफेटेरियात मीटिंग ठरली. मी तुमच्या वहीवरून आकडे कॉम्प्युटरवर चढवले आणि ती तीन पानं सोडून दिली. तुम्ही स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होतात. मी तक्ता पुढे धरला. तुम्ही चष्मा लावून पाहिलात आणि विचारलंत, "बाकीचे तीन कुठायत?" मी म्हटलं, "रेन होता ना, बाबा. दे डोन्ट काउंट." तुम्ही म्हणालात, "पावसात मुलं खेळली नव्हती का?" मी तक्ता उचलून फाइलमध्ये घातला. तुम्ही पुन्हा मटार सोलायला लागलात. ती शेंग फुटल्याचा बारीक आवाज मला अजून ऐकू येतो, भर वर्गात, फळ्याकडे पाठ असताना.

मीटिंगमध्ये एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, हे मोजलं कोणी? माझ्याच तोंडून निघालं, "माय फादर. थर्टी इयर्स इन क्वालिटी कंट्रोल." सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळल्या. ब्लँकेटवाल्या आजोबांना सगळे ओळखत होते. तुम्ही सावकाश उभे राहिलात. "आय काउंटेड. एव्हरी फ्रायडे," एवढंच म्हणालात आणि बसलात. त्यात एक शब्द खोटा नव्हता. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कोच राहिला, मीही राहिले.  पुढच्या सीझनचा पहिला सामना आला, तेव्हा तुम्ही आलात, ब्लँकेट होतं, थर्मास होता, वही नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलात. मला ओरडला असतात तर बरं झालं असतं. त्या डिसेंबरात तुमचं हृदय थांबलं. आजही कुठल्याही मैदानावर गेले की आधी माझी नजर पायऱ्यांकडे जाते, आणि गुडघ्यांवर रिकामे हात ठेवलेला कोणीतरी तिथे असतोच.

वही उघडली त्याचं कारण असं की आता सगळेच चौथी संधी खेळतात. आम्हाला वेड्यात काढणारे आम्हालाच भाषणाला बोलावतात. शनिवारी कोच लोकांच्या मेळाव्यात मला तो जुना तक्ता दाखवायचा होता, म्हणून म्हटलं, एकदा बघून घ्यावं. पावसाची तीन पानं जागच्या जागी होती, रेघा ओल्या होऊन पसरलेल्या. आणि शेवटच्या पानावर तुमची बेरीज. सगळे सामने धरून, ते तीनही धरून. खाली मीटिंगच्या आदल्या दिवसाची तारीख. जेमतेम, पण अर्ध्याच्या वर. बाबा, ते तीन सामने घातले असते तरी आपलंच बरोबर होतं. मी भीतीपोटी बेरीजच केली नव्हती. तुम्ही केलीत, खिशात ठेवलीत, आणि मी विचारेन म्हणून वाट पाहिलीत. मी तुम्हाला खोट्या तक्त्याच्या बाजूनं उभं केलं तेव्हा खरं उत्तर तुमच्या कोटात होतं.

शनिवारी मी वही पर्समध्ये घालून नेली. तक्ता मात्र जुनाच दाखवला. एका तरुण कोचनं हात वर करून विचारलं, यात सीझनचे सगळे सामने आहेत ना? माझा हात पर्सवर होता. मी हो म्हणाले. घरी येताना स्वतःला समजावलं की खरं सांगितलं असतं तर तुमचं त्या दिवशीचं उभं राहणंही सांगावं लागलं असतं, तुमचं नाव राखायला मी गप्प बसले. ते खरं नाही, बाबा. मी माझंच राखलं.