दाढी, मास्क आणि नववा महिना

धाराशिव, ता. १२ एप्रिल २०२१

ती. सौ. आईस,
कुलदीपचा शि. सा. न. वि. वि. आणि लांबूनच पायांवर डोकं.

फोनवर मी नुसतं बरंय बरंय म्हणून ठेवून देतो, ही तुझी तक्रार. म्हणून चन्नबसप्पाच्या भाजीच्या टेम्पोबरोबर चिठ्ठी देतोय. सोबत आमच्या दवाखान्यात घालतात तसले दोन मास्कही आहेत. सगळं आधी उन्हात ठेव, मग चिठ्ठी निकिताला वाचायला दे.

आई, लई आनंदाची बातमी! माझं नाव कोविड वॉर्डात लागलं! मी नर्सिंगला गेलो तेव्हा बाप्यामाणूस सिस्टर होणार म्हणून अख्खं जळकोट हसलं होतं. आता सांग त्यांना, आमचा ब्रदर ऑक्सिजनवरचे पेशंट सांभाळतोय म्हणून!

पण एक घोटाळा झालाय. आत सोडायच्या आधी आमच्या इन्चार्ज भैरवी सिस्टर प्रत्येकाचा मास्क तपासतात. मास्क बांधायचा आणि जोरात श्वास सोडायचा. कडेनं हवा निसटली की नापास. माझी गालावरून फुसफुस निघाली, चष्म्यावर वाफ धरली. दाढीमुळं मास्क चामडीला टेकतच नाही. सिस्टर म्हणाल्या, दाढी काढ, नाहीतर लसीच्या रांगेत ड्युटी कर. गळक्या मास्कनं मी कुणाला आत सोडत नाही.

आणि तुझा दंडक असा, की बायको गरोदर असताना बाळ होईपर्यंत नवऱ्यानं दाढीला वस्तरा लावायचा नाही. निकिताला नववा लागलाय, थोडंच राहिलंय, कबूल. पण पेशंट तोवर थांबणार नाहीत. एवढी परवानगी दे ना गं.

आप्पांना नमस्कार. लोभ आहेच, तो दाढीवाचूनही असू दे.
तुझा कुलदीप


जळकोट, ता. १४ एप्रिल

चि. कुलदीप यास,
आईचे पोटभर आशीर्वाद.

मी सांगतेय आन निकिता लिव्हतेय. वॉर्डात नाव लागलं ऐकून आप्पांनी अंगणातनंच ओरडून निम्म्या गल्लीला सांगितलं. माझी बी छाती फुगली. पर दाढीचं न्हाय म्हंजी न्हाय!

मागल्या खेपेला तुझ्या दोस्ताच्या, रुद्रेशच्या लग्नात तू गुळगुळीत हून मिरवलास, आन तिसऱ्या महिन्यात पोरीचं पोट रिकामं झालं. तू म्हणशील, त्याचा ह्याचा काय संबंध. नसंल. पर ती पोर कशी रडली ते म्या बघितलंय, तू बाहेर डॉक्टरशी बोलत हुतास. पुन्यांदा तसलं मला बघायचं न्हाय. रांगेतली ड्युटी घे. न्हायतर मास्कावरनं पंचा आवळून बांध आन जा.

जेवत जा वेळेवर. माया हाय तशीच हाय.
धुरपदाबाई

ता. क. मी फक्त लिहिणारी. पण खरं सांगू? मला आईंना हसता येत नाही. मागचं आठवलं की मीही रात्री उठून बसते. तरी गळका मास्क घालून आत जाऊ नका, तुम्हाला माझी शपथ आहे. – निकिता


धाराशिव, ता. १७ एप्रिल

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि. पंचा बांधून पाहिला!

भैरवी सिस्टर खुर्चीत बसून पोट धरून हसल्या. सोनाली सिस्टरनं कडेनं चिकटपट्टी लावून दिली, तरी हवा निसटलीच. पट्टी ओढून काढताना निम्मी दाढी तिच्याबरोबरच आली. हे दंडकात बसतं का, तेवढं कळव.

चेष्टा राहू दे. लसीच्या रांगेतून मला वॉर्डाची काच दिसते. आत तेरखेड्याच्या म्हाळसाबाई आहेत, फटाक्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या. पाणी हवं म्हणून हात हलवतात, आणि सोनाली बिचारी एवढ्या खाटांमध्ये एकटी पळते. मी धडधाकट माणूस बाहेर उभा. जीव नुसता तळमळतो गं!

चोरून दाढी केली असती तर मास्कखालचं तुला कोण सांगणार होतं? पण तुला फसवून आत गेलो असतो तर माझे हात चालले नसते. गळका मास्क घालणार नाही, निकिताची शपथ आहे. आता तू म्हणशील तसं.

राग आला तरी माया पातळ करू नकोस.
तुझा कुलदीप


जळकोट, ता. २० एप्रिल

चि. कुलदीप यास,
आशीर्वाद नेहमीचेच, पर आज बातमी लई मोठी हाय!

अरं, काल वर्षाच्या काळ्या तिखटाच्या मिरच्या भाजायला घेतल्या. निकिताला ठसका नको म्हणून शेजारी धाडलं. तू दिलेला एक मास्क म्या बांधला, एक आप्पांला. न्हाव्याचं दुकान बंद झाल्यापास्नं आप्पांची दाढी बी चांगली वाढलीया. दोघं एकाच कढईपुढं बसलो. अगं बया! आप्पा शिंकत शिंकत अंगणात पळाले, आन मी हितं खुशाल मिरच्या हलवतेय. मला वाटलं, मास्कच फाटका असंल. म्हणून अदलाबदल केली. तरी बी आप्पाच शिंकले!

मग आप्पांला काय चेव आला, तरातरा जाऊन दाढी काढली आन परत येऊन बसले. डोळ्यांला पाणी आलं, पर शिंक न्हाय!

माझा हातच थांबला. मिरची अशी आत शिरती, तर रोग किती शिरत असंल? आन मी तुला पंचा बांधून जा म्हणत हुते! माझ्याच सांगण्यावरनं गेला असतास.

दाढी कर. आजच कर. भ्या मला अजून वाटतंय, खोटं कशाला बोलू. ते माझ्यापाशी राहू दे, तू तुझं काम बघ. लेकराला बिनदाढीचा बाप चालंल, पर बाप पायजे.

तुझीच,
धुरपदाबाई

ता. क. हे सांगताना आई रडत होत्या, आणि रडते म्हणून लिहू नको असंही म्हणत होत्या. मी लिहिलं. आता जा तुम्ही. – निकिता


धाराशिव, ता. ४ मे

ती. सौ. आईस आणि आप्पांस,
आज नमस्कार घाईघाईत, कारण ड्युटीला पळायचंय.

पहिल्याच फुंकेला पास झालो होतो, ते फोनवर सांगितलंच. आता कालचं ऐका! मी म्हाळसाबाईंना उठवून बसवत होतो. आत फोन नेत नाहीत, म्हणून तुमचा निरोप भैरवी सिस्टरनी मोठ्या अक्षरात लिहून कागद काचेला लावला : मुलगी झाली, दोघी खुशाल!

आई, मी तिथंच उडी मारली! सोनालीनं टाळ्या वाजवल्या. खाटेवरच्या लोकांनी हात वर केले. म्हाळसाबाई धापा टाकत म्हणाल्या, कारखाना चालू असता तर हजाराची माळ लावली असती.

मग मला रडू फुटलं. मागचंही सगळं आठवलं, आणि काही केल्या थांबेना. मास्क भिजून नाकाला चिकटला. सिस्टरनी काच वाजवून बाहेर बोलावलं. मला वाटलं, तोंड गोड करणार! तर आधी खरडपट्टी काढली, की ओला मास्क चालत नाही हे माहीत असून आत काय रडतोस. मग नवा मास्क माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, अंगणात जा, पोटभर रडून घे आणि मग बांध.

मी तसंच केलं.

तुमचा, आणि आता तिचाही,
कुलदीप