कोपऱ्यातला डाग

३ मार्च, मंगळवार

परत बोटं! टीव्हीच्या पडद्यावर, अगदी मधोमध, तेलकट. काल धाकटीचा फोन होता ना! बाईसाहेब हल्ली मोबाइलमध्ये मावत नाहीत, थेट टीव्हीवर अवतरतात. टीव्हीही तिनेच पाठवलेला, परदेशात बसून. आईच्या खोलीची अर्धी भिंत व्यापलीय त्याने. ती दिसली की आई गुडघ्यांवर हात देत उठते, पडद्यापाशी जाते आणि काचेवरूनच तिच्या गालावर हात फिरवते. ‘वाळली गं माझी पोर!’

वाळली कसली! हनुवटीखाली दुसरी हनुवटी आलीय.

आणि पुसायचं कोणी? मी. टीव्ही बंद केला, प्लग काढला, गार होऊ दिला. आधी मऊ कापडाने कोरडी धूळ काढली. मग कापडाचं टोक शुद्ध पाण्यात जेमतेम ओलं केलं, पिळलं आणि हलक्या हाताने फिरवलं. पाणी थेट काचेवर मारायचं नाही, जोर तर लावायचाच नाही. चष्म्याच्या दुकानात उभी हयात चाललीय, एवढं तर येणारच. काच चष्म्याची असो नाहीतर टीव्हीची, वरचा थर नाजूक असतो.

माझ्या गालावरून आईने हात कधी फिरवला होता? आठवत नाही. आठवून तरी काय करायचंय.

५ मार्च

आईला बजावलं – खिडक्यांचं निळं पाणी टीव्हीला लावायचं नाही, कागदाने पुसायचं नाही आणि ओट्यावरचं फडकं तर नाहीच नाही. ‘थर गेला की डाग कायमचा, आई.’

‘कळलं गं बाई! धाकटी असती तर इतकी वसवस केली नसती.’

धाकटी असती तर! ती नाहीये, हेच तर तिचं भांडवल आहे.

८ मार्च, रविवार

आज महाराणींचं दर्शन. आई सकाळपासून केस विंचरून तयार. ‘ताई, टीव्ही छान ठेवलायस हं!’ – मोलकरणीला शाबासकी द्यावी तसं. आई लगेच, ‘बघ, एवढ्या लांबून लक्ष असतं पोरीचं!’

आणि मी? डोळ्यांत औषधाचे थेंब मी घालते, गुडघ्यांना तेल मी चोळते, ते लक्ष नव्हे वाटतं? अंगाची नुसती लाही झाली. जळते मी तिच्यावर. हो, जळते! इथे लिहायला कोणाची चोरी आहे?

१० मार्च

मालक म्हणाले, नव्या शाखेत जा, तिथल्या मुलींना काम शिकवून ये. परगावी. शेजारच्या काकू आईच्या सोबतीला येणार. धाकटीचा निरोप – ‘अय्या, मग तूही टीव्हीवरच फोन कर ना आईला! मज्जा!’ मज्जा म्हणे.

निघताना मऊ कापडं बॅगेत कोंबली. सगळीच्या सगळी. आता फिरव म्हणावं हात हवा तितका! राहू देत लाडकीच्या तोंडावर बोटं!

१२ मार्च

लॉजची खोली. दिवा मिणमिणता. केला एकदाचा फोन. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवला, तर तो घसरून आडवातिडवा झाला – आईच्या टीव्हीभर इथलं छत, आणि मी कुठेतरी खाली डाव्या कोपऱ्यात.

‘नीट दिसत नाहीस गं. अंधूक दिसतेस. जेवलीस का?’

म्हटलं, असू दे, आवाज येतोय ना. पाय दुखत होते. लवकरच ठेवला. मला कोण बघायला बसलंय!

१५ मार्च, रविवार

घरी आले. बॅग खाली ठेवतेय तोच दिसला. डाग! पडद्यावर खाली, डाव्या बाजूला, पंजाएवढा, पांढुरका. पुसून पाहिला – हलत नाही. थर गेला. निळ्या पाण्याची बाटली तिथेच, शेजारी ओट्यावरचं फडकं.

आई म्हणाली, ‘चेहरा अंधूक दिसत होता, म्हणून पुसला. तुझी कापडं कुठे सापडेनात...’

‘हो ना! लाडक्या लेकीचं तोंड चकचकीत नको? घसा फोडून सांगितलं होतं तुला!’

ती काहीतरी सांगायला गेली. मी खोलीचं दार आपटलं.

बॅग उघडली तर वर तीच कापडं. शरम वाटली. पण राग काही उतरला नाही.

१६ मार्च

अबोला. थेंब मात्र घातले. आई माझ्याकडेच बघत होती. मी औषधाच्या बाटलीकडे.

१७ मार्च

धाकटीचा फोन. टीव्हीवर आली, नेहमीसारखी मधोमध, लख्ख. डाग तिच्या जवळपासही नाही. मी दारातच थबकले.

आई तिला सांगत होती – ‘अगं, ताई तिकडून बोलली ना, तेव्हा या इथे होती, खाली कोपऱ्यात. अंधूक. दमलेली दिसत होती गं. मला वाटलं, काचेलाच काही लागलंय. तिने फोन ठेवला तरी मी आपली घासतेच आहे!’

‘जाऊ दे, आई. नवा पाठवते.’

‘काही नको,’ मी म्हणाले. आईच्या आधी.