संसदेच्या दारात मेंढ्याचं डोकं

खासदार भाचेबुवा तिलेक,

जुमाकादीरमामाचे आशीर्वाद, आणि तुझ्या बुरुलमामीचे माझ्याहून दोन जास्तच. इकडे आम्ही, घोडी, मेंढ्या सगळे ठीक. तुझा घसा कसा आहे? टीव्हीवर तू संसदेत बसलेला दिसतोस, हात वर करतोस, पण आवाज कधी येत नाही, म्हणून मामीला काळजी. (कुमिस पाठवली आहे. घोडीचं आंबवलेलं दूध घशाला चांगलं.)

तर गेल्या सोमवारी शेजारचा म्हातारा एसेनकुल आणि मी तुला भेटायला राजधानीत आलो होतो. राष्ट्राध्यक्षांना तिसऱ्यांदा गादीवर बसायचंय, घटनेत दोनदाच असं स्वच्छ लिहिलंय, आणि ते पुसायला तुम्ही मंडळी पुढच्या आठवड्यात मत देणार, हे ऐकून गावाचं डोकं फिरलं. घटनेवर हात ठेवून शपथ घेतानाचा तुझा फोटो आमच्या भिंतीवर आहे रे! ठरलं, तिलेकला चार शब्द सुनावायचे. पण मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? मेंढा कापला, डोकं उकडलं. डोक्याचा मान पाहुण्याचा आणि कान धाकट्याला, त्याने मोठ्यांचं ऐकावं म्हणून, हे तू शहरात विसरला नसशीलच. तुला आम्ही दोन्ही कान देणार होतो.

दारातल्या तपासणीच्या यंत्रात मी पिशवी ठेवली. पडद्यावर कवटी उमटली आणि एक शिपाई मटकन खालीच बसला. दुसरा ओरडला, "आजोबा, हे काय आणलंय?" एसेनकुलला गप्प बसवतं कुठे? म्हणाला, "आमच्या खासदाराला कान नाहीत, म्हणून घरून आणलेत." झालं! दोघांची रवानगी बाकावर. वर निरोप गेला, खाली उत्तर आलं, साहेब बैठकीत आहेत. (खिडकीतून डोकावणारी ती लोकरीच्या नमद्याची टोपी मामीने शिवलेली आहे. मी ओळखणार नाही होय?)

दुपारी भूक लागली. डोकं आम्ही शिपायांबरोबरच खाल्लं. एक कान त्या खाली बसलेल्याला दिला, आणि खोटं नाही सांगत, तो ऐकायला लागला! एसेनकुलने घटनेतलं कलम म्हणून दाखवलं, तर म्हणतो, "दोनदाच? मग वर काय चाललंय?" दुसऱ्याने मात्र कान घेतला नाही. नोकरी जाईल म्हणाला.

भाच्याने आजोळी मागावं आणि आजोळाने नाही म्हणू नये, ही आपली रीत. तू घोडा नेलास, गालिचा नेलास, गावाची सगळी मतं नेलीस, मी ब्र काढला नाही. आता मामा एकदाच मागतोय. त्या दिवशी तेवढा हात खाली ठेव.

तुझाच,
जुमाकादीरमामा

ता. क. दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. परत आल्यावर एसेनकुलने भर सभेत विचारलं, राष्ट्राध्यक्षाला दोनदाच, तर गावचा पाटकरी जुमाकादीर सहाव्यांदा कसा? मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी, पाणी सोडायला अनुभव लागतो. लोक हसले, तुझी मामी सगळ्यांत मोठ्याने. दिली शेवटी पाटाच्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात. फार लागलं रे मनाला. रात्री जेवलोही नाही.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी शेतात पाणी आलं. मेलं, माझ्या वेळेपेक्षा लवकर आलं. एवढं राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घाल.