नानांचा खुनी, तिसऱ्यांदा

ती. वासंतीताईस,

श्यामचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनातच). नाशिकची हवा आणि सूनबाईंचा स्वयंपाक तुला मानवत असेल, असं धरून चालतो. इकडे सदाशिव पेठेत सगळं ठीक. म्हणजे कोणी कोणाशी बोलत नाही.

नानांच्या रहस्यकादंबरीवर तिसरा सिनेमा आला. आपल्या वडिलांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, पण सिनेमावाल्यांचा तिच्यावरचा डोळा साठ वर्षं हटत नाही (वाचायला मात्र अजून कोणाला सवड झालेली नाही). पहिल्या सिनेमात गुप्तहेर प्रेताशेजारी बसून गाणं म्हणाला. दुसऱ्यात डॉक्टरचं काम निर्मात्याच्या सासऱ्यांना दिलेलं. या वयात खुनी व्हायला ते तयार होईनात, तेव्हा मयत न्हाणीघरात पाय घसरून गेला असं ठरलं, आणि गुप्तहेर दोन तास कशाचा तपास करत होता हे गुपितच राहिलं. नाना थिएटरातून आले ते चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. ते आठवून या वेळी मी कंबर कसली होती.

दिग्दर्शकाचं नाव आमोद. वय तीस, दाढी, अतिशय नम्र. परवानगीची सही घ्यायला आला तेव्हा शेवटात थोडा ट्विस्ट टाकणार म्हणाला. मी विचारलं, नानांनी शेवट लिहिला तेव्हा ते झोपेत होते असं आपलं मत आहे का? तो हसला. (हल्लीच्या मुलांना अपमान करून घ्यायलाही शिकवत नाहीत.) सही केली, पण बेत ठरला.

पहिल्या खेळाला गेलो. मध्यंतरात शे-दीडशे माणसं पॉपकॉर्नच्या रांगेत. मी जिन्याच्या पायरीवर चढून खणखणीत आवाजात सांगितलं, "मूळ कादंबरीत खुनी डॉक्टर आहे. आता आत जे दाखवतील ते खोटं."

रांगेतल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "आभारी आहोत. आता आम्ही घरी जाऊ का?"

ताई, खुनी डॉक्टरच निघाला. आमोदने स्वतःचा ट्विस्ट काढून नानांचा शेवट जसाच्या तसा घेतला होता, आणि मला चकित करायचं म्हणून तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. वर पडद्यावर पाटी आली, 'शेवट नानांचाच'. सगळं थिएटर पडद्याऐवजी माझ्याकडे बघत होतं. नाना असते तर, असं मनात आलं आणि मला काही दिसेना.

आमोद दारातच उभा होता. "काका, तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं," एवढंच म्हणाला. रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं. शेवटी मी, "चुकलं माझं," म्हणालो. (पेठेत हे वाक्य ऐकल्याचं कोणाला आठवत नाही.) त्याने वाकून नमस्कार केला. मुलगा वाईट नाही.

तुझा,
श्याम

ता. क. काल आमोद घरी आला होता. रविवारी त्याने कार्यक्रम ठेवलाय : 'नानांच्या शेवटच्या प्रकरणातली कारागिरी'. वक्ता मी. इथली प्रत दुसऱ्या सिनेमावाल्यांनी नेली ती नेलीच, तेव्हा तुझी शुक्रवारपर्यंत कुरियरने पाठव.

ता. क. २ कोणाला सांगू नकोस. मी नववीत असताना तू जेवताना खुनी सांगून टाकलास, तेव्हापासून मी रुसून ते पुस्तक उघडलेलं नाही. नानांना मात्र शेवट फार आवडल्याचं सांगितलं होतं. कुरियर वेळेत पोचलं नाही, तर डॉक्टरने खून का केला तेवढं तरी फोनवर सांग. सिनेमात सांगत होते, पण लोकांच्या हसण्यात मला ऐकू आलं नाही.