बुटांना चिखल लावायचा राहिला

मी, खाली सही करणारा, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त झालेला, घरात आणि गल्लीत 'भिंगरी' या नावाने ओळखला जाणारा, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा कोणी गळ घातल्यामुळे नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय करावे ते लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे त्यात म्हटले आहे. मी स्वस्थ असल्याचे म्हटलेले नाही, कारण तपासणी चालू असताना मी सारखा खुर्चीवरून उठत होतो. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. धोका फारसा नाही म्हणतात. तरी रिकामे बसून राहणे मला जन्मात जमलेले नाही, म्हणून हे लिहायला घेतले.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन होती आणि दोन्ही आज सकाळीच केलेली होती. घर, पैसा यात काही अडचण नाही. दोन्ही वेळा घोडे अडले ते कलम चारपाशी.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. ती लिफ्ट दुरुस्त करते. तिने घर ठेवावे की विकावे हे तिचे ती पाहील. माझा आत्मा-बित्मा काही मध्ये येणार नाही. मोरीचा नळ गळतो, हे मात्र घेणाऱ्याला आधी सांगावे. बँकेतली शिल्लकही मुलीचीच.

कलम दोन. खिडकीजवळच्या टेबलावरचे सामान. हे काय आहे ते न कळणाऱ्यांसाठी सांगतो. बोटभर उंचीची धातूची माणसे मिळतात. ती विकत आणून हौशी लोक रंगवतात आणि लहानशा बेसवर उभी करतात. त्या बेसवरची जमीन बनवणे हे माझे काम. वाळूची पेस्ट, चिखलाची पेस्ट, बर्फाची पेस्ट आणि सुकताना आपोआप भेगा पडणारी पेस्ट, अशा सगळ्या डब्या, शिवाय कवळीचे मेण कोरायची माझी जुनी हत्यारे, ज्यांनी मी पेस्ट पसरतो, हे सर्व आम्हा हौशी लोकांच्या छंदमंडळाला द्यावे. एक सूचना: भेगांची पेस्ट जाड लावली तर भेगा रुंद पडतात, पातळ लावली तर बारीक, पण दोन्ही वेळा धीर धरावा लागतो. मी तो कधीच धरला नाही. केस वाळवायचे यंत्र तिच्यावर धरायचो, आणि जमिनीला भेगांऐवजी फोड यायचे. हे यंत्र शेजारच्या शिंप्याला हवे होते. परंतु तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणाले. सबब यंत्र मी त्याला आत्ताच देऊन टाकले आहे. तो खूश आहे.

कलम तीन. छंदमंडळाच्या अध्यक्षांना मी चहापत्तीची एक डबी ठेवतो. ही पत्ती वापरून झाल्यावर मी स्वतः नीट भाजून, कोरडी करून ठेवली आहे. कारण सांगतो. बेसवर माती दाखवायला वापरलेली चहापत्ती चांगली दिसते, पण ती भाजून घ्यावी लागते. अध्यक्षांनी भाजली नाही. प्रदर्शनात काचेच्या पेटीत त्यांच्या बेसवर पांढरी बुरशी धरली. परीक्षकांनी तिला पहाटेचे दहिवर ठरवले, वाहवा केली आणि पहिले बक्षीस दिले. अध्यक्षांनी ते हसत घेतले. माझा बेस दुसरा आला. मी आयुष्यात बऱ्याच जणांकडून हरलो आहे, पण बुरशीकडून एकदाच.

कलम चार. आता मुख्य गोष्ट.

माझी पत्नी औषधांच्या दुकानात काम करायची आणि घरी आल्यावर ही धातूची माणसे रंगवायची. रंगवताना धरायला सोपे जावे म्हणून ती त्यांना बाटल्यांच्या झाकणांवर तात्पुरती चिकटवायची. आमचा तोंडी करार होता: जमीन माझी, माणसे तिची. तिने माझ्या वाळूला हात लावायचा नाही, मी तिच्या माणसांना लावायचा नाही. फक्त बूट ती शेवटपर्यंत स्वच्छ ठेवायची. मी जमीन बनवली की त्याच डबीतला थोडा चिखल ती मागून घ्यायची आणि बुटांना, कपड्यांच्या कडांना लावायची. त्याशिवाय माणूस जमिनीवर ठेवल्यासारखा दिसतो, उभा राहिल्यासारखा दिसत नाही.

ती गेली तेव्हा तिच्या शेवटच्या संचातले चौघे जण आणि एक खेचर झाकणांवर होते: काठी टेकणारा म्हातारा, गाठोडी घेतलेल्या दोन बायका आणि खेचर ओढणारा एक माणूस. पायी कुठेतरी निघालेले. कुठे निघालेत, असे मी तिला विचारले होते, म्हणजे मला जमीन ठरवता आली असती. ती म्हणाली, "निघू देत तर खरं." पुढे सांगायचे राहिले.

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी जमीन बनवतो आहे. सकाळी चिखल करतो, संध्याकाळी खरवडतो. बर्फ करून पाहिला. भेगाळलेले माळरान केले, खडीचा रस्ता केला. प्रत्येक जमीन आपापल्या जागी बरी होती, पण स्वच्छ बुटांची ती माणसे शेजारी धरली की खोटी वाटायची. बुटांना चिखल लावणे माझ्या करारात बसत नव्हते.

सबब सदर चौघे जण आणि खेचर माझ्या थोरल्या मेहुणीला, झाकणांसकट, द्यावेत. तिने ते मागितले आहेत. तिच्या घरी काचेचे कपाट आहे. ती मला म्हणाली, "भावोजी, तिचा हात जिथे थांबला, तिथेच राहू द्या." यावर काय बोलणार?

कलम पाच. कलम चारचा शेवटचा परिच्छेद रद्द. मेहुणीचे कपाट मी डोळ्यासमोर आणून पाहिले. त्यात चांदीची भांडी आहेत आणि ते कधी उघडत नाहीत. निघालेल्या माणसांना तिथे कोंडणे मला बघवणार नाही. बघायला मी नसेन हे खरे, पण आत्ता तर आहे. सदर माणसे मुलीला द्यावीत, मात्र तिने त्यांना हात लावू नये.

कलम सहा. कलम पाचही रद्द. हात लावायचा नाही असे सांगून एखादी वस्तू द्यायची, यात काय अर्थ आहे? पुन्हा मेहुणीला द्यावीत. चहा करून येतो.

कलम सात. हे कलम जेवणानंतर लिहीत आहे.

दुपारी मुलगी कामावरून परस्पर इकडे आली. मला उद्या दवाखान्यात तीच नेणार आहे. हातपाय न धुता, ग्रीस लागलेल्या हातांनी तिने हे कागद उचलले आणि उभ्या उभ्या वाचले. मग टेबलापाशी गेली. तिथे सकाळी पसरलेला चिखल होता, अजून ओला.

"बाबा, आईने बूट कशासाठी सोडले होते?"

माझ्या चिखलासाठी, मी म्हणालो, आणि करार पुन्हा समजावून सांगितला.

"जमीन तुझी, माणसं तिची. आणि माझ्या वाटणीला काय ठेवलं होतं तुम्ही दोघांनी?"

मी कलम एककडे बोट दाखवले.

"ते तू गेल्यावरचं. मी तेव्हाचं विचारतेय."

ती लहान असताना या खोलीच्या दारात येऊन उभी राहायची. आम्ही दोघे टेबलावरून मान वर न करता एका सुरात सांगायचो की हात लावू नको, ओले आहे. मग ती जायची आणि घरातले बिघडलेले दिवे, पंखे उघडून बसायची. आम्हाला वाटायचे, पोरीला यंत्रांची आवड आहे.

तिने म्हाताऱ्याला झाकणावरून सोडवले. मी म्हणालो, "ओलं आहे अजून."

"माहितेय मला."

आणि तिने अंगठ्याने चिखल उचलून त्याच्या बुटांना फासला. बुटांना कसला, पार गुडघ्यापर्यंत. मग त्याला ओल्या पेस्टमध्येच दाबून उभा केला. हे सपशेल चूक आहे. आधी जमीन सुकवायची, भोक पाडायचे, माणसाच्या पायात तार घालायची, मग त्याला भोकात रोवायचे. तो घोट्यापर्यंत रुतला. मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला. पाठोपाठ दोन्ही बायका, तो माणूस आणि खेचर. एका गाठोड्यावर तिच्या बोटाचे ग्रीस लागले, तिथे पत्नीने आठवडाभर खपून निळी नक्षी काढली होती. मला फार वाईट वाटले. मग मी खाली वाकून, त्यांच्या उंचीवरून पाहिले. सगळे चालत होते. मला रडू आले आणि मुलगी मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

सबब कलम चार, पाच आणि सहा यांतील वाटणी रद्द. ती माणसे आता जमिनीपासून सुटी होणार नाहीत. ती आणि जमीन, दोन्ही मुलीची आहेत, आणि ती माझ्या पश्चात नव्हे तर आज दुपारपासून. मेहुणीला मी फोन करून सांगितले. ती रागावली आहे. उद्या संध्याकाळी बघायला येते म्हणाली.

कलम आठ. पेस्ट मुलीच्या अंगठ्याने फार जाड झाली आहे. ती सुकायला उद्याचा अख्खा दिवस जाईल. कडेने भेग पडेल की नाही, खेचर उभे राहील की कलंडेल, हे आज सांगता येत नाही आणि उद्या सकाळी मी इथे नसेन. मला ते बघायचे आहे. म्हणून डॉक्टरांना आणि इतर सर्व संबंधितांना माझी विनंती आहे, की शक्य असेल तर हे मृत्युपत्र इतक्यात अमलात आणू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, खाडाखोडीसह मान्य केला आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

सही: भिंगरी

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी (सही)
साक्षीदार दुसरी: तळमजल्यावरची घड्याळवाली (सही)

स्थळ: राहते घर, खिडकीजवळचे टेबल, बेसपासून हातभर अंतरावर
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस